हळद, कर्क्युमिन आणि कॅन्सर: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून नेहमी येणारे प्रश्न

आपल्या सीमाभागात कुणाच्या घरी कॅन्सरचं निदान झालं की थोड्याच दिवसांत हळदीचा विषय निघतो. कुणी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतं, कुणी मेडिकलमधून कर्क्युमिनच्या कॅप्सूलचा डबा आणून देतं, रायबाग-अथणीकडचे पाहुणे घरच्या हळदीची पिशवी पोचवतात. यामागची माया खरी असते, म्हणून हे प्रश्न झटकून टाकायला माझं मन धजत नाही. मी औषधशास्त्र शिकवते. गल्लीतले, नात्यातले लोक जे विचारतात ते इथं बऱ्यापैकी त्यांच्याच बोलीत ठेवलं आहे. तुमच्या पेशंटचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत. ज्यांनी बघितलेत त्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर धरा.

हळदीनं कॅन्सर बरा होतंय म्हणत्यात. खरं काय?

नाही. हळद किंवा कर्क्युमिन तोंडानं घेऊन माणसाचा कोणताही कॅन्सर बरा होतो, हे आजवर एकाही मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीत दिसलेलं नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं तर त्या मरतात, हेही तितकंच खरं आहे. व्हिडिओत हा दुसरा भाग दाखवतात आणि पहिला गाळतात. या दोन्हींमध्ये जे अंतर आहे ते समजलं की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

कर्क्युमिन म्हणजे काय? हळद आणि कर्क्युमिन एकच ना?

एकच नाही. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यांतलं ते मुख्य द्रव्य. १८१५ मध्ये दोन युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी ते हळदीतून पहिल्यांदा वेगळं काढलं आणि त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये उलगडली. त्याच्याबरोबर त्याचे दोन भाऊबंदही हळदीत असतात आणि बाजारातल्या कॅप्सूलमध्ये बहुधा तिन्हींचं मिश्रण असतं.

चांगल्या हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं, जातीनुसार थोडं कमी-जास्त. चहाचा चमचा भरून हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्रयोगशाळेत ते कॅन्सरच्या पेशीला नेमकं काय करतं?

कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते, ती आपलीच असते. वाढ थांबव, वेळ झाली की मर, हे शरीराचे हुकूम तिनं पाळायचे सोडलेले असतात. पेशीच्या आत हे हुकूम एका प्रथिनाकडून दुसऱ्या प्रथिनाकडं जातात. कर्क्युमिन अशा बऱ्याच ठिकाणी मध्ये पडतं.

सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचा. पेशी निवांत असते तेव्हा हे प्रथिन केंद्रकाच्या बाहेर, दावणीला बांधलेल्या बैलासारखं, दुसऱ्या एका प्रथिनानं अडकवून ठेवलेलं असतं. जंतुसंसर्ग झाला, तंबाखूचा धूर लागला, दाहाचा संदेश आला, की एक एन्झाइम त्या दाव्यावर, म्हणजे अडकवून ठेवणाऱ्या प्रथिनावर, खूण करतं, दावं नष्ट होतं आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं. संसर्गाशी लढताना हे हवंच असतं. काम झालं की ते पुन्हा बांधलं जातं. बऱ्याच कॅन्सरमध्ये मात्र ते सतत मोकळं राहतं. मग पेशीला मरू न देणारं बीसीएल-२, पेशीचं विभाजन पुढं रेटणारं सायक्लिन डी१, दाह वाढवणारं कॉक्स-२, शेजारच्या ऊतीत घुसायला वाट करून देणारं एमएमपी-९ आणि गाठीकडं नव्या रक्तवाहिन्या ओढून आणणारं व्हीईजीएफ ही सगळी प्रथिनं तयार होत राहतात. कर्क्युमिन असलं की ते दावं तुटायचं थांबतं आणि ही प्रथिनं कमी होतात. हे अनेक प्रयोगशाळांत दिसलं आहे.

दुसरा परिणाम मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांवर होतो. पेशीनं स्वतःहून मरण्याची एक ठरलेली, शिस्तीची पद्धत आहे, तिला ॲपॉप्टॉसिस म्हणतात. मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं, त्यानं कॅस्पेज नावाची कापणारी एन्झाइमं जागी होतात आणि पेशी आतून मोडत जाते. कॅन्सरची पेशी बीसीएल-२ वाढवून हे दार बंद ठेवते. कर्क्युमिननं बीसीएल-२ उतरतं, त्याचं विरोधी प्रथिन बॅक्स वाढतं आणि दार उघडतं. काही पेशी त्याआधीच विभाजनाच्या उंबरठ्यावर अडकतात. डीएनए दुप्पट झालेला असतो, पण पेशीचे दोन भाग होत नाहीत.

म्हणजे फक्त कॅन्सरच्या पेशी मरतात, चांगल्या पेशींना काही होत नाही?

असं सरसकट म्हणता येत नाही. कमी प्रमाणात कर्क्युमिन घातक ऑक्सिजन-रेणू शोषून घेतं, तर जास्त प्रमाणात तेच असे रेणू तयार करतं, आणि मग निरोगी पेशीही सापडतात.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही. पी५३ हे प्रथिन शरीराचं राखणदार. डीएनए बिघडला की ते पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. काही प्रयोगांत कर्क्युमिननं पी५३ वाढलं. पण २००५ मध्ये इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की काही पेशींत कर्क्युमिन पी५३ नष्टच करतं आणि त्यानं पेशीचं मरण अडतं. एकच रेणू, पेशी बदलली, प्रमाण बदललं, की उलट परिणाम. ज्या पदार्थाला पेशीत पन्नास ठिकाणी चिकटायची सवय आहे त्याच्याकडून हे अपेक्षितच आहे.

मग तोंडानं घेतलं तर तेच काम गाठीत का होत नाही?

कारण ते गाठीपर्यंत पोचतच नाही, निदान कामाला येईल एवढं तरी नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

पहिली अडचण, कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आपण हळद तेलाच्या फोडणीत टाकतो हे चांगलंच, तरीही आतड्यातून रक्तात फार थोडं शिरतं. दुसरी अडचण, जे शिरतं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसरे रेणू जोडून बाहेर टाकायला तयार करतात. बरंचसं तर शौचावाटे तसंच निघून जातं. तिसरी अडचण, शरीराच्या आम्लतेला, म्हणजे पीएच ७.४ च्या आसपास, नुसत्या द्रावणात कर्क्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होतं. रक्तातली प्रथिनं त्याला थोडं सांभाळून घेतात, एवढंच.

आता आकडे बघा. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी मारायला साधारण १० ते ५० मायक्रोमोलर (द्रवात द्रव्य किती दाट आहे ते मोजायचं एकक) इतकं कर्क्युमिन वापरतात. २००१ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन तीन महिने दिलं. रक्तातली सर्वोच्च पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर आली. त्याहून मोठा डोस रुग्णांना गिळवेना, इतका त्याचा ढीग होत होता. २००८ मध्ये अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना असाच ८ ग्रॅमचा डोस दिला, तिथं रक्तात मिळालं ते ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास.

८ ग्रॅम कर्क्युमिन हळदीतून घ्यायचं म्हटलं तर ३ टक्क्यांच्या हिशोबानं रोज पाव किलोच्या वर हळद खावी लागेल. कपभर दुधातल्या चमचाभर हळदीत ९० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ज्या डोसला रक्तात जेमतेम काही सापडलं, त्याच्या जवळपास नव्वदावा भाग.

मोठं आतडं ही एक जागा मात्र वेगळी आहे. जे रक्तात शिरत नाही ते आतड्यातूनच पुढं जातं, त्यामुळं तिथल्या अस्तराला कर्क्युमिनचा थेट स्पर्श होतो. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांना रोज ३.६ ग्रॅम घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्याच्या ऊतीत ते मोजता आलं. म्हणून आतड्याच्या कॅन्सरबद्दल शास्त्रज्ञांना आशा वाटत होती. तिचं पुढं काय झालं ते चाचण्यांच्या प्रश्नात येईल.

मिरं घालून घेतलं तर वीस पट लागू होतंय म्हणे?

ही गोष्ट आपल्याच राज्यातून निघाली आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयानं १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण २००० टक्के वाढतं. प्रयोग नावाजलेला आहे. पण नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात जे होतं ते जवळजवळ शून्य होतं, आणि शून्याच्या जवळच्या आकड्याची वीसपट फार मोठी होत नाही.

शिवाय पायपरिन हे कसं घडवतं ते समजून घ्या. परकी द्रव्यं मोडून बाहेर टाकणारी यकृत-आतड्यातली यंत्रणा ते मंद करतं. केमोची कित्येक औषधंही त्याच यंत्रणेनं मोडली जातात. ती मंद झाली की औषधाची पातळी डॉक्टरांनी ठरवलेल्यापेक्षा वेगळी होऊ शकते. आमटीतल्या चार मिऱ्यांची भीती बाळगू नका. कॅप्सूलवर ‘पायपरिनसह’ लिहिलेलं असेल तर मात्र थांबा.

माणसांवर चाचण्या झाल्याच नाहीत काय?

भरपूर झाल्या. त्यातली एक जोडी मी वर्गात दरवर्षी सांगते.

एक आनुवंशिक आजार असा आहे की मोठ्या आतड्यात शेकडो कोंब, म्हणजे पॉलिप, येतात आणि उपचार केला नाही तर पुढं कॅन्सर जवळपास ठरलेला. २००६ मध्ये अशा ५ रुग्णांना कर्क्युमिन आणि क्वेरसेटिन नावाचं आणखी एक वनस्पतीतलं द्रव्य सहा महिने दिलं. पॉलिपची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी कमी झाली. बातमी जगभर गेली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता आणि माणसं पाचच. त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे पुढची पायरी गाठली. २०१८ मध्ये छापलेल्या चाचणीत ४४ रुग्ण घेतले, निम्म्यांना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल, वर्षभर. कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी दोन्ही गटांत फरक निघाला नाही. आतड्यात कर्क्युमिन थेट पोचतं, तिथली ही गत. २००६ ची बातमी अजून फिरते, २०१८ ची कुणी पाठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण पहिल्या बातमीवर विश्वास ठेवून बसलेली माणसं मी बघते.

स्वादुपिंडाच्या ज्या चाचणीचा वर उल्लेख केला, तिच्यात २१ रुग्णांचं मूल्यमापन होऊ शकलं. एकाचा आजार दीड वर्षावर स्थिर राहिला, आणखी एकाची गाठ बरीच लहान झाली आणि थोड्याच काळात पुन्हा वाढली. बाकीच्यांना उपयोग दिसला नाही. लेस्टरच्या, २०१९ साली छापलेल्या चाचणीत आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरच्या २८ रुग्णांत केमोबरोबर रोज २ ग्रॅम कर्क्युमिन देऊन बघितलं. ते सुरक्षित वाटलं, जगण्याच्या काळातही आशा वाटावी असा फरक दिसला. पण २८ माणसांवर औषध ठरत नाही. मोठी चाचणी झाली आणि तिच्यातही हेच आलं, तर मी हे पान आनंदानं बदलेन.

इतके हजारो शोधनिबंध छापलेत, ते सगळे खोटे?

सगळे खोटे नाहीत, पण बरेच फसवे आहेत, आणि त्याला कारण कर्क्युमिनचा स्वभाव. हा रेणू स्वतः चमकतो, प्रथिनांना कुठंही चिकटतो, धातू पकडतो, आणि चाचणीचं यंत्र ‘परिणाम झाला’ असं दाखवतं. २०१७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर या सगळ्या साहित्याचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं असं की माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्यांनंतरही नीट तुलना-गट असलेली एकही चाचणी यशस्वी म्हणता येत नाही.

दुसरी बाजू अधिक दुखावणारी आहे. या विषयातलं जगातलं सर्वांत मोठं नाव भारतीय वंशाचं होतं, ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले भरत अग्रवाल. त्यांच्या निबंधांतल्या चित्रांवर आणि आकडेवारीवर शंका निघाल्या आणि नियतकालिकांनी त्यांचे अनेक निबंध मागे घेतले. त्या निबंधांचा आधार घेऊन लिहिलेले शेकडो लेख मात्र तसेच राहिले. तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या व्हिडिओचं मूळ त्यातच असू शकतं.

केमो चालू आहे. डॉक्टरांना न सांगता कॅप्सूल दिली तर काय होतंय?

देऊ नका. इथं मी अजिबात मऊ बोलणार नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये सायक्लोफॉस्फमाइड नावाचं औषध नेहमी वापरतात. २००२ मध्ये उंदरांवर दिसलं की आहारात कर्क्युमिन असेल तर या औषधानं गाठ जितकी लहान व्हायला हवी तितकी होत नाही. कारण सरळ आहे. काही केमो औषधं घातक ऑक्सिजन-रेणू तयार करूनच पेशी मारतात आणि कर्क्युमिन नेमके तेच रेणू शोषून घेतं.

स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेनची गोळी पाच-पाच, दहा-दहा वर्षं घेणाऱ्या अनेक बायका आपल्या भागात आहेत. ही गोळी शरीरात एन्डॉक्सिफेनमध्ये बदलते तेव्हा कुठं नीट काम करते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्या स्त्रियांत एन्डॉक्सिफेन सुमारे ८ टक्क्यांनी उतरलं, पायपरिन जोडल्यावर १२ टक्क्यांनी. अभ्यास लहान आहे. पण ज्या बाईची पातळी आधीच काठावर आहे तिला तेवढंही पुरतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं तर विचारूच नका. कॅन्सरच्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून अनेकांना या गोळ्या चालू असतात. वॉरफरिन ही त्यातलीच एक गोळी. ती घेणाऱ्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. न्यूझीलंडच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची नोंद दिली. बाजारातलं हळदीचं पूरक घ्यायला लागल्यावर त्याचा आयएनआर १० च्या वर गेला होता. एवढ्यावर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशन ठरलेलं असेल तर हे आधी सांगायलाच हवं.

आयुर्वेदिकच तर आहे, साइड इफेक्ट कसला?

स्वयंपाकातल्या हळदीला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. दाट अर्काच्या, मिऱ्याचा अर्क घातलेल्या कॅप्सूलला तो नाही. अमेरिकेत औषधांमुळं होणाऱ्या यकृत-विकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेले १० रुग्ण मांडले. त्यातल्या एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. १० पैकी ७ जणांत एक विशिष्ट जनुक-प्रकार सापडला, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही, पण आपल्यात तो प्रकार आहे का हे आपण बघून आलेलो नसतो. इटलीतही २०१९ मध्ये असेच कावीळ झालेले रुग्ण एकापाठोपाठ एक आढळले होते. केमोचा पेशंट, डोळे पिवळे झाले, आणि घरच्यांनी कॅप्सूलचं सांगितलंच नाही, तर डॉक्टर केमोलाच दोष देतील आणि चालणारा उपचार थांबवतील.

मूतखडा वारंवार होणाऱ्यांनीही जपावं, हळदीत खडा व्हायला कारण होणारं ऑक्झलेट बरंच असतं.

मग आमटीतली हळद पण बंद करायची काय?

कशाला? खुशाल घाला. भाजी, आमटी, पोह्यातली हळद केमोत अडथळा आणेल इतकी नसते. तोंडाला चव नसलेल्या पेशंटला घरच्या वासाची गरम आमटी चार घास जास्त जेवायला लावत असेल, तर त्या दिवसांत त्याहून मोठी गोष्ट नाही.

जाता जाता एक, मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं २००७ मध्ये मोजलं होतं की शिजवण्यात हळदीतलं कर्क्युमिन २७ ते ५३ टक्के कमी होतं, कुकरमध्ये सगळ्यात जास्त. चिंच घातली की घट १२ ते ३० टक्क्यांवर येते. आपल्याकडची चिंच-गुळाची आमटी मला आधीपासूनच आवडते, त्यात हे एक निमित्त.

तोंड आलंय, जखमेला वास येतोय. हळद लावली तर चालतंय?

इथं हळदीची बाजू जरा भक्कम आहे, कारण जिथं लावायची तिथं ती पोचते. केरळातल्या त्रिशूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात त्वचेवर फुटलेल्या कॅन्सरच्या ६२ रुग्णांना हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचं मलम लावलं. बहुतेकांच्या जखमेचा वास कमी झाला, अनेकांची खाज आणि चिघळणं कमी झालं. कॅन्सर बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. पण ज्या घरात पेशंटच्या खोलीत कुणी बसत नाही, तिथं वास कमी होणं ही किती मोठी सुटका आहे हे ज्यांनी सेवा केली त्यांनाच कळेल.

रेडिएशननं तोंडाच्या आतलं अस्तर सोलतं, त्यावर कर्क्युमिनच्या गुळण्या आणि जेलचा उपयोग छोट्या चाचण्यांत दिसला आहे. गुटख्यानं तोंड उघडेनासं होतं त्या आजारातही जळजळ कमी व्हायला मदत झाल्याचं दिसतं. फक्त हे तयार, निर्जंतुक औषध असावं आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं. रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर, ऑपरेशनच्या टाक्यांवर घरच्या डब्यातली हळद चेपू नका. केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, डब्यातल्या पुडीत बुरशी आणि जंतू असतात.

सलाइनमधून कर्क्युमिन देतो म्हणून एकानं सांगितलंय. जाऊ काय?

जाऊ नका. संशोधनात शिरेतून देऊन बघितलं आहे, पण ते देखरेखीखाली आणि चाचणीसाठी तयार केलेलं औषध होतं. अमेरिकेत २०१७ मध्ये बाहेर बनवलेलं असं इंजेक्शन घेतल्यावर एका महिलेचा मृत्यू झाल्याचं तिथल्या औषध प्रशासनानं जाहीर केलं. तिला कॅन्सरही नव्हता, त्वचेच्या तक्रारीसाठी घेतलं होतं.

म्हणजे झाडपाल्यातून कॅन्सरचं औषध निघतच नाही?

निघतं! आणि त्यात आपल्या माणसाचा वाटा आहे. नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबईत शिकले, अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी दोन मोठी द्रव्यं शोधली. एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन, त्याची रचना १९६६ मध्ये जाहीर झाली. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल, त्याची १९७१ मध्ये. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, तुमच्या डिस्चार्ज कार्डावर हे नाव असण्याची बरीच शक्यता आहे. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडतं. त्यापायी हे झाड इतकं तोडलं गेलं की ते आता दुर्मीळ होत चाललंय. दारातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन निघतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते आजही जीव वाचवतं.

पण सदाफुलीची पानं चावून कुणी बरं होत नाही, विषबाधा मात्र होते. कॅम्प्टोथेसिन मूळ रूपात माणसांना सोसलंच नाही. त्याचा रेणू बदलून इरिनोटेकन आणि टोपोटेकन तयार झाली, तेव्हा ते औषध झालं. या सगळ्या द्रव्यांना पेशीत एक ठरलेलं लक्ष्य होतं, रक्तात पुरेशी पातळी गाठता आली, आणि चाचण्यांत माणसं जास्त जगली. कर्क्युमिन या तिन्ही ठिकाणी अडलं आहे. रसायनशास्त्रज्ञ त्याचे बदललेले रेणू आणि अतिसूक्ष्म कणांत गुंडाळलेले प्रकार करून बघताहेत, तो रस्ता मला योग्य वाटतो.

अण्णा मशेरी लावतात, खरं रोज हळदीचं दूध पण घेतात. चालतंय नव्हं?

चालत नाही. निपाणीचा पट्टा तंबाखूवर जगला आहे, बिड्या वळून बायकांनी घरं चालवली आहेत, हे मी विसरत नाही. पण मशेरी, गुटखा, बिडी यांतली द्रव्यं डीएनएला रोज जखम करतात आणि हळदीचं दूध ती जखम भरत नाही. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळते हे आपण सगळे जाणतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारा फोड, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर हळद लावून वाट बघू नका. सुरुवातीला सापडलेला तोंडाचा कॅन्सर ऑपरेशननं बरा होतो. उशिरा आलेल्याला तीच संधी राहत नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ओरडतील. कसं सांगू?

डबाच घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. “हे घरी आणून दिलंय, द्यायचं का?” एवढंच विचारा. नाव, डोस, मिऱ्याचा अर्क आहे का, सगळं डब्यावर असतं.

आपल्या भागात आणखी एक भानगड होते. तपासणी बेळगावात, ऑपरेशन मिरजेत नाहीतर कोल्हापुरात, रेडिएशन हुबळीत, आणि गोळ्या गावातल्या डॉक्टरांकडून. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही. एका वहीत पेशंट जे जे घेतो ते सगळं लिहा, काढा, चूर्ण, कॅप्सूल, रक्तदाबाची गोळी, कधीपासून ते. कन्नडमध्ये बोलायला अडचण वाटत असेल तर वही पुढं करा, औषधांची नावं सगळीकडं सारखीच असतात.

हळद शुद्ध आहे की नाही कसं ओळखायचं?

हळकुंड आणून डंकावर कुटून घेतलेली बरी, पण तेवढ्यानं भागत नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये उघड झालं की पॉलिश करतानाच हळकुंडांवर शिसं असलेला पिवळा रंग, लेड क्रोमेट, चोळत होते. भारतातल्या काही शहरांतल्या नमुन्यांतही शिसं सापडलं आहे. शिसं मेंदूवर, विशेषतः लहान मुलांच्या, परिणाम करतं. त्यामुळं भडक, झळाळणारं हळकुंड बघून भुलू नका. चिकोडी-रायबागकडं ओळखीचा शेतकरी असेल तर शिजवून वाळवलेलं, साधं पॉलिश केलेलं मागा. रंग थोडा मंद दिसेल. सुट्टी पुडी घ्यायचीच असेल तर बिनचिठ्ठीची घेण्यापेक्षा परवाना क्रमांक छापलेलं पाकीट घ्या.